पट्टी संपते तिथे

4 डिसेंबर 2024, म्हसवड

सिद्धनाथाचा रथ झाला. पालं अजून उठलेली नाहीत, पाळणे फिरताहेत, पण गर्दी ओसरली आहे. पुण्याहून मोठी रजा काढून माहेरी आले ती यात्रेसाठी आणि तितकीच फायनाइट एलिमेंटच्या या वर्गासाठी. भावाच्या दुकानावरच्या खोलीत आज वर्ग सुरू झाला. मुलं माणमधली आणि शेजारच्या आटपाडीतली. शिकायला कुणी कराडला, कुणी सांगलीला, कुणी इस्लामपूरला, पंढरपूरला. परीक्षा आटोपून घरी आलेली. सगळी मेकॅनिकलची, पुळकोटीची मुलगी तेवढी सिव्हिलची. होस्टेलच्या सवयीनं एकमेकांना गावाच्या नावानंच हाका मारतात. ए गोंदवले, ए दिघंची. मीही तशाच मारणार.

पहिला प्रश्न दिघंचीचा. "ताई, कुठलं सॉफ्टवेअर पक्कं केलं की पुण्यात काम लागंल?"

प्रश्न खरा आहे. यांच्यापैकी बहुतेकांच्या घरची शेती पावसावर, एकाच्या घरी मेंढरं. फी कशी भरली गेली ते घरोघर ठाऊक आहे. म्हणून आडवळण न घेता उत्तर दिलं. नॅस्ट्रान 1960च्या दशकात अमेरिकेच्या नासासाठी तयार झालं. जॉन स्वॉन्सन यांनी 1970 मध्ये काढलेल्या कंपनीतून अ‍ॅन्सिस आलं. अ‍ॅबॅकस 1978चं. ही तिन्ही सॉफ्टवेअर आजही गाड्यांच्या, पंपांच्या, विमानांच्या डिझाइनसाठी जगभर चालतात. पडद्यावरची बटणं दर दोन-तीन वर्षांनी जागा बदलतात. मुलाखतीला बसणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं तेच दोन प्रश्न विचारतो: लोड कुठून आणलास, आणि वस्तू कुठे धरलीस? या दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या तोंडानं देता येणं, एवढंच मला इथे शिकवायचं आहे.

साधन म्हणून प्रीपोमॅक्स घेतलं. स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठातल्या मातेय बोरोविन्शेक यांनी ते बनवलं, फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्याच्या पोटात गणित करतं ते कॅल्क्युलिक्स. विमानाच्या इंजिनांवर काम करणाऱ्या गिडो धोंट आणि क्लाउस विटिग या दोघा इंजिनिअरांनी ते लिहिलं. त्याच्या फाइलची मांडणी अ‍ॅबॅकससारखीच असल्यामुळे इथे बसलेला हात पुढे पुण्यातही चालेल. आठ जीबीच्या लॅपटॉपवर भागतं, हेही महत्त्वाचं.

5 डिसेंबर

आज लॅपटॉप उघडू दिले नाहीत. फळ्यावर दोन स्प्रिंगा काढल्या, एकीला दुसरी जोडलेली. पहिली 100 न्यूटनला एक मिलिमीटर ताणली जाते, दुसरी 200 न्यूटनला. टोकाला 60 न्यूटनची ओढ. टोक किती सरकेल? तोंडी उत्तर सगळ्यांना आलं: 0.6 अधिक 0.3, म्हणजे 0.9 मिलिमीटर. मग तेच मॅट्रिक्स मांडून करायला सांगितलं. प्रत्येक स्प्रिंगचा छोटा तक्ता, दोन्ही जिथे जुळतात तिथे आकड्यांची बेरीज, आणि मग समीकरणं सोडवायची.

फायनाइट एलिमेंट पद्धत मुळात एवढीच आहे. आख्ख्या वस्तूचं गणित मांडता येत नाही म्हणून तिचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा किती ताठ आहे ते लिहायचं, तुकडे नोडपाशी जोडायचे, आणि हजारो समीकरणं मशीनकडून सोडवून घ्यायची. गणितज्ञ कुराँ यांनी 1943 मध्ये हा विचार मांडला होता, पण सोडवायला यंत्र नव्हतं. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी 1956 मध्ये विमानाच्या पंखांच्या निमित्तानं तो इंजिनिअरांच्या हाती दिला, आणि 1960 मध्ये क्लफ यांनी त्याला आजचं नाव दिलं.

वरकुट्याच्या मुलानं पहिलं टोक भिंतीला जखडायचं सोडलं आणि तसंच गणित सोडवायला बसला. डिटर्मिनंट शून्य आलं. त्याला वाटलं बेरीज चुकली. दोनदा तपासली. मग गोंदवल्याची मुलगी म्हणाली, "आरं, धरलंच न्हाईस कुठं. ओढल्यावर सगळंच निघून जाईल की." मॅट्रिक्स त्याला बरोबर हेच सांगत होती. हा धडा मला उद्या द्यायचा होता, तिनं आजच दिला.

7 डिसेंबर

मुलांना घेऊन आप्पांच्या वेल्डिंगच्या आवारात गेले. आप्पा चाळीसेक वर्षं ट्रॉल्या, टँकर, गेट बनवतात. माझ्या वडिलांच्या वयाचे, मला अजून "पोरी" म्हणतात. यंदा पाऊस बरा झाला, त्यामुळे ट्रॅक्टरचे पाण्याचे टँकर आवारात उभे आहेत. उन्हाळ्यात ज्यांना उसंत नसते त्यांच्या डागडुजीचे हेच दिवस. माणात टँकर म्हणजे वाड्या-वस्त्यांची तहान. 2023-24च्या टंचाईत कित्येक वस्त्या त्यांच्यावरच जगल्या. टँकर गळायला लागला की रांगेतल्या शेवटच्या बाईच्या हंड्यापर्यंत पाणी पोचत नाही.

एक टँकर निवडला. पाच हजार लिटरचा. गोल टाकी, व्यास 1.3 मीटर, लांबी पावणेचार मीटर, पत्रा 3 मिलिमीटर. दोन्ही तोंडांना डिश. खाली दोन बैठका, प्रत्येकी 100 मिलिमीटर रुंद. टाकीचा तळ प्रत्येक बैठक 120 अंशांत कवेत घेते, आणि पत्र्याला वेल्ड केलेली आहे. बैठक डिशपासून पाऊण मीटर आत. मुलांनी टेपनं सगळं मोजून वहीत घेतलं.

गळती कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, नुसता ओला डाग. पुण्याहून आणलेला डाय पेनेट्रंटचा संच काढला. जागा ब्रशनं घासून, पुसून कोरडी केली. तिच्यावर लाल रंगाचा फवारा मारला. रंग भेगेत मुरेपर्यंत थांबलो. मग वरचा रंग फडक्यानं स्वच्छ पुसून घेतला आणि पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर दिला. पत्रा खडूसारखा पांढरा झाला. मिनिटभर काही नाही. मग बैठकीच्या अगदी वरच्या टोकाशी, वेल्ड जिथे थांबतं तिथे, एक लाल ठिपका फुटला. तो हळूहळू दोन्हीकडे लांबत गेला आणि बोटभर लांबीची, केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली. पुळकोटीची मुलगी गुडघ्यावर बसून पाहत होती. तिनं दुसऱ्या बाजूलाही तसंच करून पाहिलं. तिथेही टोकाशीच रेघ.

आप्पा म्हणाले, "पोरी, रंग न मारताबी सांगितलं असतं. पट्टी संपती तितंच तडा जातुया. समद्या टँकरचं तेच." मुलांना वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. अनेक टँकर उलटसुलट करून पाहिलेल्या माणसाची ही नोंद आहे. आमच्या गणिताची परीक्षा तिच्याशीच व्हायची आहे.

8 डिसेंबर, रविवार

हातानं गणित. पाण्याची खोली 1.3 मीटर, म्हणून तळाशी दाब सुमारे 0.0128 मेगापास्कल. गोल टाकीच्या पत्र्यात त्यामुळे येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. 650 आणि 3 घालून उत्तर आलं 2.8 मेगापास्कल. मग आख्खी टाकी दोन बैठकांवर ठेवलेली तुळई मानली. पाण्याचं वजन पाच टन. वाकण्याचा ताण आला जेमतेम 1 मेगापास्कल. साधं लोखंड साधारण 250 मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं.

खोलीत शांतता. एवढ्या किरकोळ ताणाला पत्रा फाटायला नको. पण काल तो फाटलेला सगळ्यांनी पाहिला होता. दिघंचीचा म्हणाला, "मग पत्रा डुप्लिकेट असंल." गंज, खराब वेल्डिंग, ड्रायव्हर, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. मी काही सांगितलं नाही. उत्तराआधी कोडं नीट अंगावर यायला हवं. आलं आहे.

10 डिसेंबर

काल आणि आज मॉडेल. वरकुट्यानं टाकी भरीव घनाकार एलिमेंटनी बांधायला घेतली. लॅपटॉप तापला, पंखा ओरडायला लागला, शेवटी सगळं अडकलं. मग हिशेब मांडायला लावला. टाकीच्या पत्र्याचं क्षेत्र डिश धरून सुमारे 18 चौरस मीटर. जाडीत एकच एलिमेंट धरला तरी तो 3 मिलिमीटरचा. म्हणजे जवळपास वीस लाख तुकडे, आणि जाडीत एकाच साध्या तुकड्याला पत्र्याचं वाकणं नीट जमतही नाही, तो खऱ्यापेक्षा ताठ वागतो. पातळ पत्र्यासाठी शेल एलिमेंट असतात. पत्र्याचा मधला पृष्ठभाग काढायचा आणि जाडी नुसता आकडा म्हणून द्यायची. 25 मिलिमीटरचे एलिमेंट घेतले की तीसेक हजारांत काम होतं. आठ जीबीवर धावतं.

पाण्याचा दाब सगळ्यांनी बरोबर दिला, वरून खाली वाढत जाणारा. आधार मात्र बहुतेकांनी एकाच पद्धतीनं दिला: टाकीचा खालचा सगळा भाग निवडला आणि फिक्स केला. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला असंच चालून गेलेलं असतं. उत्तर आलं, सगळी टाकी निळीशार, ताण 3 मेगापास्कलच्या आत. वरकुटे खूश. "ताई, टँकर सेफ."

"मग शनिवारची लाल रेघ कुठली?"

पुळकोटीच्या मुलीनं वही उघडली. तिनं आवारात टाकीचं बाजूनं चित्र काढलं होतं आणि लोखंड लोखंडाला जिथे टेकतं तेवढ्याच जागा पेन्सिलनं काळ्या केल्या होत्या. दोन पट्टे. बाकी सगळी टाकी अधांतरी. "आपण हिला जमिनीत पुरली," ती म्हणाली. सिव्हिलची असल्यामुळे असेल, आधार कुठे आहे हे ती आधी बघते.

आधार काढले. दोन बैठका त्यांच्या खऱ्या रुंदीच्या, खऱ्या उंचीच्या काढल्या, टाकीला जोडल्या आणि फक्त त्यांचे तळ चासीला जखडले. पुन्हा सोडवलं. आता टाकीचं अंग निळं, आणि चार जागी लाल: बैठकांची चार टोकं. पत्रा टोकापाशी बाहेर फुगतोय आणि वळतोय. दिघंचीनं लॅपटॉपशेजारी आवारातला फोटो धरला. दोन्ही एकाच जागी.

11 डिसेंबर

आज कोयनेच्या भूकंपाला 57 वर्षं झाली. 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. आजी सांगायची, म्हसवडलाही फळीवरची भांडी खाली आली होती. मुलांनी हे घरातल्या थोरांकडून ऐकलेलं आहे. पण आपल्याच जिल्ह्यातलं कोयना धरण जगभरच्या फायनाइट एलिमेंटच्या अभ्यासात शिकवलं जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

धरणाचा छेद फळ्यावर काढला. उंची 103 मीटर, तळाशी सुमारे 70 मीटर रुंद. पाण्याची बाजू जवळपास उभी. मागची बाजू माथ्यापासून उभट उतरत येते आणि तळापासून साधारण 66 मीटर उंचीवर एकदम तिरकी होऊन पसरते. त्या काळच्या रीतीप्रमाणे भूकंपासाठी धरणाच्या वजनाच्या 5 टक्के आडवा जोर धरून डिझाइन झालं होतं, तोही स्थिर, एकसारखा. प्रत्यक्षात धरणातल्याच यंत्रानं नोंदवलेला आडवा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास होता. मुलांना विचारलं, तडे कुठे गेले असतील?

पुळकोटीची मुलगी उठली आणि जिथे उतार बदलतो तिथे खडूनं आडवी रेघ मारली.

बरोबर तिथेच. सांडवा नसलेल्या भागातल्या उंच खंडांना, उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास, पुढून आणि मागून आडवे तडे गेले. धरण तरलं, मागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी अडलेलं राहिलं. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी नोंदलेला हादरा घेऊन फायनाइट एलिमेंटनं धरणाचं विश्लेषण केलं आणि 1973 मध्ये प्रसिद्ध केलं. गणितातला सर्वांत मोठा ताण आणि काँक्रीटवरचा तडा एकाच पातळीला आले. पुढे त्या खंडांना मागून काँक्रीटचे बट्रेस देऊन धरण मजबूत केलं गेलं. आज नवं सॉफ्टवेअर काँक्रीटचा तडा नीट दाखवतं का हे तपासायला कोयनेचा छेद घेतात. अ‍ॅबॅकसच्या उदाहरणांच्या पुस्तकातही तो आहे.

आप्पांची पट्टी आणि कोयनेचा उतार यांचं गणित एकच. जाड आणि पातळ, ताठ आणि लवचीक जिथे एकदम भेटतात तिथे ताण गोळा होतो. वरकुट्याची आजी भूकंपाच्या वेळी पाटण भागात होती. त्यानं तिला फोन लावला आणि पाच मिनिटं नुसतं ऐकत राहिला. परत आला तो थेट मॉडेलवर बसला. या पोरांना विषयाची गोडी लावायला परदेशातल्या पुलांची उदाहरणं शोधत बसायची गरज नाही.

13 डिसेंबर

मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी. बैठकीच्या टोकाशी एलिमेंट 25चे 12 केले, ताण वाढला. 6 केले, आणखी वाढला. 3 केले तरी थांबेना. गोंदवल्याची मुलगी वैतागली. "ताई, खरा आकडा कुठला मग?"

हा प्रश्न तिनं कुणी न सांगता विचारला, याचा मला फार आनंद झाला. आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यात सिद्धांताप्रमाणेच ताण अमर्याद असतो. मेश बारीक करत जाल तसा आकडा वर जात राहणार. खऱ्या वस्तूत तिथे वेल्डची गोलाई असते, लोखंड थोडं वाकून घेतं. म्हणून कोपऱ्यातल्या एका लाल ठिपक्यावरचा आकडा अहवालात लिहायचा नाही. कोपऱ्यापासून थोडं दूर, जिथे मेश बदलूनही आकडा हलत नाही, तिथला घ्यायचा. तिनं तीन मेशचे तीन आलेख एकावर एक काढले. बोटभर अंतरावर तिन्ही रेघा एकत्र आल्या.

मग त्या आकड्याला साक्षीदार शोधला. आडव्या टाक्या दोन बैठकांवर ठेवल्या तर काय होतं याचं सविस्तर गणित एल. पी. झिक यांनी 1951 मध्ये छापलं. संगणकाच्या आधीचं ते काम प्रेशर व्हेसल बनवणारे आजही वापरतात. त्यांच्या सूत्रात आमची मापं घातली. एका बैठकीवर 25 हजार न्यूटन, त्रिज्या 650, लांबी 3750, जाडी 3, आणि 120 अंशांच्या बैठकीसाठीचा त्यांचा गुणांक 0.0528. टोकाशी पत्रा वाकल्यामुळे येणारा ताण निघाला सुमारे 305 मेगापास्कल. मॉडेलचा आकडा त्याच्या आसपासच होता.

रविवारी आम्ही 2.8 काढला होता. त्याच्या शंभरपट हा. दोन्ही गणितं बरोबरच आहेत. पहिल्यात टाकी कुठे टेकली आहे हेच नव्हतं. आणि हा आकडा उभ्या टँकरचा. माणच्या रस्त्यावर खड्डा आला की क्षणभर भार दुप्पटही होऊ शकतो, दिवसाकाठी शेकडो वेळा. तडा न गेला तरच नवल.

झिक यांच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मुलांनीच शोधली. बैठक डिशच्या जवळ, त्रिज्येच्या निम्म्या अंतराच्या आत असेल तर गुणांक 0.0528 चा 0.0132 होतो. सरळ एक चतुर्थांश. डिश पत्र्याला गोल धरून ठेवते, त्याला चपटं होऊ देत नाही. म्हणजे बैठक पाऊण मीटरवरून उचलून सव्वातीनशे मिलिमीटरवर आणली की टाकीला एक रुपयाचं लोखंड न वाढवता ताण पाऊणपट उतरतो.

15 डिसेंबर, रविवार

आज स्लाइपनरची गोष्ट. नॉर्वेत समुद्रातल्या तेलविहिरीसाठी काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला जात होता, स्लाइपनर-ए. 23 ऑगस्ट 1991 रोजी तो खाडीत हळूहळू बुडवून तपासताना एक भिंत फुटली आणि सगळं तळाशी गेलं. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलर. विश्लेषण नॅस्ट्रानवर झालं होतं, म्हणजे सॉफ्टवेअर नामांकित. पण तीन भिंती मिळतात तिथे मेश इतकी भरड आणि वेडीवाकडी होती की तिथला कातरताण 47 टक्के कमी निघाला. त्यानुसार सळई कमी पडली. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणितानं सांगितलं, भिंत 62 मीटर खोलीवर फुटायला हवी होती. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली. योग्य वापरली तर पद्धत किती नेमकी आहे, हेही त्याच अपघातानं दाखवलं.

दिघंचीनं विचारलं, तिथल्या इंजिनिअरांनी हातानं गणित केलं नसेल का? मी म्हटलं, मिळत्या भिंतीचा तेवढा तुकडा कागदावर मांडून भार आणि सळई यांचा मेळ घातला असता तर शंका नक्की आली असती. कागद-पेन्सिल जपून ठेवायची ती यासाठी.

संध्याकाळी त्यांना पुण्याच्या नितीन गोखले, संजय देशपांडे, संजीव बेडेकर आणि आनंद ठिटे यांचं पुस्तक दाखवलं. प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, 2008चं. कारखान्यात काम करून लिहिलेलं. मेश कशी असावी, अहवालात काय लिहावं, प्रत्यक्ष चाचणीशी मेळ कसा घालावा, सगळं त्यात आहे. परदेशातल्या इंजिनिअरांच्या टेबलावरही ते दिसतं. मुलांनी मुखपृष्ठावरची नावं दोनदा वाचली. आपल्यासारखी आडनावं अशा पुस्तकावर बघण्याचा परिणाम मी त्यांच्या तोंडावर पाहिला.

17 डिसेंबर

गोंदवल्यात गोंदवलेकर महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झालाय. आमची गोंदवल्याची मुलगी सकाळची सेवा उरकून धावतपळत आली, कारण आज टँकर भरून मोजायचा होता. आप्पांनी अट घातली होती की पाणी वाया जाणार नाही. मापं झाल्यावर ते शेजारच्या डाळिंबाच्या शेततळ्यात सोडायचं ठरलं.

रिकाम्या टाकीच्या अंगाला, बैठकीच्या टोकाजवळ, डायल गेज लावला. स्टँड चासीला न लावता जमिनीवर स्वतंत्र ठेवला, म्हणजे चासी खचली तरी कळावं. दुसरा गेज चासीवर. काटे शून्यावर आणले आणि पंप सुरू केला. पाणी वर चढेल तसा काटा सरकायला लागला. मुलं पाळीपाळीनं वाचत होती, एक जण लिहीत होता. टाकी भरली तेव्हा, चासीचं खचणं वजा करून, पत्रा 2.9 मिलिमीटर बाहेर आला होता. मॉडेल म्हणत होतं 3.4.

वरकुटे म्हणाला, "चुकलं."

पुळकोटी म्हणाली, "थांब." तिनं शनिवारी झाकणातून आत बॅटरी मारून पाहिलं होतं. पाणी हिंदकळू नये म्हणून आत पत्र्याच्या आडव्या भिंती बसवलेल्या असतात, आप्पा त्यांना पडदे म्हणतात. एक पडदा बैठकीपासून हातभर अंतरावर आहे. मॉडेलमध्ये तो नव्हताच. आवारातच लॅपटॉप उघडून तिनं पडदा घातला आणि पुन्हा सोडवलं. उत्तर 3.0. काट्याशी दशांशाचा फरक.

तिथेच दिघंचीला सुचलं, पडदा टाकीला गोल धरत असेल तर तो बरोबर बैठकीच्या वरच का बसवू नये? पाणीही थोपवील आणि पत्राही धरील. आप्पांनी टोपी मागे सारून त्याच्याकडे पाहिलं आणि खडूनं टाकीवर खूण केली.

19 डिसेंबर

आज आप्पांसाठी एका पानाचं चित्र तयार झालं, मराठीत, मापांसकट. बैठक डिशपासून सव्वातीनशे मिलिमीटरच्या आत, आणि चासीला तिथे नवा आडवा चॅनल. बैठक आणि टाकी यांच्यामध्ये 3 मिलिमीटरचा जोडपत्रा, कोपरे गोल, बैठकीच्या टोकापुढे त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 65 मिलिमीटर गेलेला. या पत्र्यानं टोकाचा ताण साधारण निम्मा होतो. पडदा शक्य तिथे बैठकीच्या वर. पुढचा टँकर असा बनवायचं आप्पांनी कबूल केलं आहे. उन्हाळ्यात तो रस्त्यावर पळेल तेव्हा वरकुटे आणि गोंदवले महिन्याला एकदा टोकांवर लाल रंग मारून नोंद ठेवणार आहेत.

मला वाटतं, आपल्या भागातल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकांच्या शेजारी एक मांडणी असावी. तिच्यावर तुटलेल्या वस्तू: मोडलेला फण, पिळलेला शाफ्ट, तडकलेली बैठक. कुठल्या गावची, काय काम करताना तुटली, याची चिठ्ठी प्रत्येकीला. मुलांनी तिथून एक उचलावी आणि मगच लॅपटॉप उघडावा. ही वस्तू कोण धरतंय, जोर कुठून येतोय, आणि उत्तर अंदाजे किती येईल, हे पहिल्या पानावर हातानं लिहिलं नसेल तर दुसरं पान तपासू नये.

माणदेशात आता पाणी येऊ लागलं आहे. जिहे-कठापूरची योजना कृष्णेचं पाणी उपसून नेरमार्गे आंधळीच्या धरणात आणते, आटपाडीकडे टेंभू योजनेचं पाणी आलं आहे. या पंपांना, पाइपांना, त्यांच्या आधारांना पुढची अनेक वर्षं तपासावं, दुरुस्त करावं, सुधारावं लागेल. ते काम बाहेरून बोलावलेल्या माणसांनीच करावं असं काही नाही. दिघंचीच्या मुलाला पुण्यात नोकरी लागो, तिच्यासाठी मी शब्दही टाकीन. पण आटपाडीच्या पाइपलाइनचा आधार तडकला तर तो कुठे आणि का तडकला हे सांगायला लागणारी विद्या आता त्याच्याजवळ आहे. जानेवारीच्या सुट्ट्यांत पुढचा वर्ग घ्यायचा ठरलं. विषय पाइप, आणि मॉडेल उघडण्याआधी सगळ्यांनी एकेक आधार प्रत्यक्ष मोजून आणायचा आहे.